कोल्ह्याची द्राक्षे आणि वाक्प्रचारांची वही

परक्या भाषेतील शब्द कोशात सापडतात. परक्या भाषेतील वाक्प्रचार मात्र कोशात सापडूनही सहजासहजी हाती लागत नाहीत. 'रेड' म्हणजे तांबडा आणि 'टेप' म्हणजे फीत हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला 'रेड टेप' म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. तसेच गंगा, घोडे आणि न्हाणे यांचे अर्थ एखाद्या इंग्रज मुलाला वेगवेगळे समजावून दिले, तरी 'गंगेत घोडे न्हाले' म्हणजे रेंगाळलेले काम एकदाचे पार पडले, हे त्याच्या ध्यानी यावे कसे? शब्द हे भाषेचे रोख नाणे मानले, तर वाक्प्रचार ही तिची हुंडी होय. ती वटवावयाची तर ज्या पेढीवर ती काढलेली असते त्या पेढीशी आपली ओळख असावी लागते.

मराठी मुले गेली सुमारे दोनशे वर्षे इंग्रजी शिकत आहेत. या काळात शेकडो इंग्रजी वाक्प्रचार त्यांच्या वह्यांतून गेले. त्यांतील काही मराठीत इतके मुरले की ते परके होते याची आज कोणाला शंकाही येत नाही. बहुसंख्य मात्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरले गेले. असे का व्हावे? या प्रश्नाचा इतिहासाच्या आधाराने थोडा मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वरवर पाहता इंग्रजीच्या शिक्षणापुरता दिसतो. परंतु महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरातील मराठीलाही तो येऊन भिडतो, हे पुढे दिसून येईल.

मुलांकडून परभाषेतील वाक्प्रचार अर्थासह पाठ करून घेण्याची रीत आपल्याकडे इंग्रजी शाळांबरोबर रुळली हे खरे. पण ती मूळची इंग्रजांची नव्हे. युरोपातील मुले शतकानुशतके लॅटिन भाषा याच रीतीने शिकत आली होती. हॉलंडमधील थोर पंडित इरॅस्मस याने १५०० साली पॅरिस येथे 'अडाजिया' नावाचा ग्रीक व लॅटिन लोकोक्तींचा संग्रह प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत आठशेंच्या वर लोकोक्ती होत्या. १५३६ मध्ये तो मृत्यू पावला तेव्हा ही संख्या चार हजारांच्या पुढे गेली होती. इरॅस्मसचे वैशिष्ट्य असे, की केवळ अर्थ देऊन तो थांबत नाही. ही उक्ती कोणत्या ग्रंथकाराने कोणत्या प्रसंगी योजली, तिच्यामागे कोणती कथा किंवा कोणती चालरीत आहे, हे तो रसाळपणे सांगत जातो. काही लोकोक्तींवरचे त्याचे टिपण तर स्वतंत्र निबंधाएवढे आहे.

आज अस्सल इंग्रजी म्हणून मिरवणाऱ्या अनेक वाक्प्रचारांचे मूळ या संग्रहापाशी जाऊन पोहोचते. 'टु कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणे, हा त्यांपैकीच एक. मूळ ग्रीक उक्तीत फावडे नव्हतेच. तेथे होती काठवटीसारखी एक पसरट परात. इरॅस्मसने ती उक्ती लॅटिनमध्ये आणताना तिचे खणण्याचे अवजार केले, आणि निकोलस उडल याने १५४२ मध्ये इंग्रजी भाषांतर करताना ते फावडे म्हणून कायम केले. काठवटीचे फावडे झाले, तरी वाक्प्रचाराचे काही बिघडले नाही. रोजच्या वापरातील वस्तूला तिच्याच साध्या नावाने संबोधणारा फटकळ माणूस वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, हे पुरेसे होते. म्हणजे उसनवारीत शब्द चुकला तरी चालतो; प्रसंग हरवून चालत नाही.

आता आपल्याकडे वळू. आरंभीच्या मराठी छपाईच्या इतिहासात दोन गावांची नावे ठळकपणे येतात, आणि ती दोन्ही महाराष्ट्राबाहेरची आहेत. पहिले बंगालमधील श्रीरामपूर. तेथील मिशनरी विल्यम केरी हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज नोकरांना मराठीही शिकवीत असे. त्याचे मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण १८०५ साली छापले गेले, आणि त्याला नित्याच्या विषयांवरील मराठी संवाद जोडलेले होते. परभाषेतील वळणे सुटी शिकवता येत नाहीत, ती बोलत्या माणसांच्या तोंडूनच ऐकवावी लागतात, हे केरीने ओळखले होते असे दिसते.

दुसरे गाव तंजावर. सरफोजी महाराजांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते. इंग्रजी विद्येची त्यांना मनापासून आवड होती. त्यांनी आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना उभारला, आणि १८०६ साली तेथून 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक बाहेर पडले. सख्खण पंडितांनी केलेला तो इसापच्या गोष्टींचा अनुवाद होता. पुण्यात अद्याप पेशवाई नांदत होती, मुंबईत मराठी शाळापुस्तकांची कल्पनाही रुजली नव्हती. अशा काळी तमिळ मुलखातील एका मराठी राज्यात मुलांच्या नावाने छापलेले पुस्तक निघावे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईत हेच काम पुढे बावीस वर्षांनी झाले. पेशवाईचा १८१८ साली अस्त झाल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत शाळा व शाळापुस्तके यांसाठी १८२२ मध्ये एक मंडळी स्थापन झाली. तिच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजेच बापू छत्रे, यांनी इंग्रजीवरून 'इसपनीतिकथा' हे पुस्तक मराठीत आणले. ते १८२८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांच्या 'बाळमित्रा'चा पहिला भागही निघाला. तो बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या गोष्टींवरून, इंग्रजीच्या वाटेने, आलेला होता. पुढे चार वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' पत्र सुरू केले. त्याच्या प्रत्येक पानावर मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापलेला असे. परंतु दोन रकान्यांतून तरुण शिकले ती इंग्रजी वाक्याची ठेवण. इंग्रजी वाक्प्रचार मराठी मुलांच्या तोंडी रुळण्यास प्रथम उपयोगी पडला तो इसापच.

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण आज शालेय मराठीच्या पुस्तकात अस्सल मराठी म्हणींच्या पंगतीत बसलेली असते. 'लांडगा आला रे आला', 'सोन्याचे अंडे देणारी कोंबडी', 'मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?' या उक्ती उच्चारताना आपण काही परके बोलतो आहोत असे कोणाला वाटत नाही. यांपैकी घंटेची गोष्ट इसापच्या नावावर खपत असली तरी ती मध्ययुगीन युरोपातील आहे, हा तपशील निराळा. इंग्रजीत 'सावर ग्रेप्स', 'टु क्राय वुल्फ', 'टु बेल द कॅट' हे ज्या गोष्टींतून जन्मले त्याच गोष्टी मराठी मुलांनी आपल्या भाषेत ऐकल्या, आणि त्यांतून त्यांच्या भाषेनेही तेच वाक्प्रचार आपल्या परीने घडवून घेतले. ज्या मुलाने द्राक्षांचा मळा जन्मात पाहिला नव्हता, त्यालाही कोल्ह्याची फजिती समजली. कारण वेल किती उंच होता आणि कोल्ह्याने किती उड्या मारल्या, हे गोष्टीने त्याला दाखवले होते.

यासाठी आपली भूमीही आधीच नांगरून ठेवलेली होती. वाघाचे कातडे पांघरलेले गाढव आणि मगरीला फसवणारे माकड पंचतंत्राने घरोघर पोहोचवले होते. तेच पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत, आठव्या शतकात 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत, आणि अनेक मुक्काम करीत १५७० साली टॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजीत गेले. तेव्हा इसापचे आपल्याकडे येणे हे परतभेटीसारखेच होते.

एकदा गोष्ट आपली झाली, की भाषा तिच्यावर हक्काने हात चालवू लागते. 'लायन्स शेअर' याचे उदाहरण पाहा. मूळ कथेत सिंह इतर जनावरांच्या संगतीने शिकार करतो, आणि वाटणीच्या वेळी धाक घालून सारी शिकार आपणच घेतो. इंग्रजीत त्या शब्दांचा अर्थ 'सर्वांत मोठा हिस्सा' एवढाच उरला आहे. तो चांगला की वाईट, हे संदर्भाने ठरते. मराठीत मात्र 'या संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे' असे आपण गौरवाने म्हणतो. घेणारा सिंह मराठीत देणारा झाला! वहीत अर्थ लिहून घोकलेल्या वाक्प्रचारावर असा अधिकार कोणी गाजवू शकत नाही.

इंग्रज आपली भाषा शिकत होते, त्यांच्याकडेही या दृष्टीने पाहावे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. कँडी बंधू व अनेक मराठी शास्त्री यांच्या साहाय्याने झालेल्या या कामात त्याने शब्दांच्या जोडीने वाक्प्रचार आणि म्हणीही टिपल्या, आणि त्या कोठे व कशा योजतात हे सांगितले. पुढे १८९९ साली रेव्हरंड मॅनवेरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. शब्दशः भाषांतराने म्हण कळत नाही तेथे तिच्यामागचा प्रसंग किंवा संकेत त्यांनी थोडक्यात उलगडून दाखवला. परकी भाषा शिकताना या मंडळींनी गोष्ट मागून घेतली. आपल्या मुलांना शिकवताना मात्र आपण ती गाळून टाकली.

हे गाळणे हेतुपुरस्सर झाले असे नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाती निघाली, १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे झाली, आणि मॅट्रिकची परीक्षा हा नोकरीचा उंबरठा ठरला. शाळा वाढल्या, वर्ग वाढले. एकेका वाक्प्रचाराची गोष्ट सांगत बसण्यास शिक्षकाला सवड उरली नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य उलगडण्याची आणि रचण्याची शिस्त लावली. तिचे ऋण कोणी नाकारू नये. पण पाठमालेमागून जी लहानमोठी टाचणे व गाइडे आली, त्यांनी वाक्प्रचारांची यादीच करून टाकली. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ आणि खाली एक नमुन्याचे वाक्य! विद्यार्थी नमुन्याचे वाक्य पाठ करी, आणि उत्तरपत्रिकेत त्यातील रामाऐवजी गोविंदा घालून मोकळा होई.

आमच्या महाकोशलातही याहून निराळे घडले नाही. जबलपूरचा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे गेला. सागर येथे १८३६ साली सुरू झालेली सरकारी विद्यासंस्था १८७३ मध्ये जबलपूरला आली व पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून नावाजली. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघण्यापूर्वी इकडचे विद्यार्थी अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. त्या बाजूचे, म्हणजे वायव्य प्रांत व अयोध्या येथील, शिक्षणखात्याचे संचालक राहिलेले नेस्फील्डसाहेब यांची व्याकरणमाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर हिंदुस्थानात घरोघर पोहोचली. तिच्या चौथ्या पुस्तकाच्या नावातच 'इडियम' हा शब्द होता. त्यानंतरच्या पिढीला रेन आणि मार्टिन भेटले. त्यांतील रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम करून गेलेला, आणि 'ब्यू जेस्ट' ही १९२४ सालची गाजलेली साहसकथा लिहिणारा कादंबरीकार! कथा सांगून हजारो वाचकांना खिळवून ठेवणाऱ्या या गृहस्थाचे नाव आपल्या मुलांना मात्र केवळ व्याकरणातील रिकाम्या जागा भरण्याशी निगडित वाटावे, यातच सारे आले.

येथे एक आक्षेप कोणी घेईल. 'एका दगडात दोन पक्षी' हा वाक्प्रचार इंग्रजीवरून आलेला दिसतो. त्यामागे कोणतीही गोष्ट नाही, तरी तो रुजला. आक्षेप रास्त आहे. परंतु दगड आणि पाखरू यांची ओळख कोणत्या मुलाला करून द्यावी लागते? जेथे गोष्ट नाही तेथे दृश्य आहे. गोष्ट किंवा दृश्य यांपैकी एक तरी मुलाच्या मनात उभे राहिले, की वाक्प्रचार त्याचा होतो. दोन्ही नसतील तर उरतो तो नुसता अर्थ, आणि अर्थ हा फार विसराळू सोबती आहे.

इंग्रजी वाक्प्रचारांची कोठारे कोठे आहेत हे पाहिले तर आपल्या मुलांची अडचण नीट समजते. इंग्लंड हे बेट. तेथे शेकडो वाक्प्रचार समुद्रावरून आले. 'टु लर्न द रोप्स' म्हणजे कामातील खाचाखोचा शिकून घेणे. शिडाच्या जहाजावर कोणता दोर कोठे ओढावयाचा हे नव्या खलाशाला आधी शिकावे लागे, हे सांगितल्याशिवाय नर्मदाकाठच्या मुलाला येथे 'रोप' कशाला आला ते कळणार कसे? कोकणातील गलबतवाल्याच्या मुलाला ते चटकन कळेल. ज्यांचे मूळ अभ्यासकांनाही निश्चित करता आलेले नाही असेही वाक्प्रचार आहेत. पावसाबरोबर कुत्री-मांजरे पाडणारा तो सुप्रसिद्ध वाक्प्रचार याच जातीचा. त्याच्या उगमाच्या ज्या सुरस कथा सांगतात त्यांना आधार नाही. अशा वेळी शिक्षकाने खोटी गोष्ट रचू नये; आपल्या पावसात मुसळाएवढ्या धारा पडतात, तसे त्यांच्या पावसात मांजरे पडतात, एवढे सांगून मुलांना हसू द्यावे.

आता 'रेड टेप' घेऊ. कारण केंद्र सरकारच्या नोकरीतील माझ्यासारख्या कारकुनाचा तो घरचाच विषय. इंग्लंडात सरकारी व कायद्याचे कागद तांबड्या फितीने बांधून ठेवीत. फीत सुटल्याशिवाय कागद हलत नाही, आणि फीत लवकर सुटत नाही. त्यावरून दिरंगाईला ते नाव पडले, आणि कार्लाइल, डिकन्स यांच्यासारख्या लेखकांनी एकोणिसाव्या शतकात त्याची यथेच्छ टर उडवून ते लोकप्रिय केले. फीत हिंदुस्थानात आली, आणि वाक्प्रचारही आला. मराठीने मात्र त्यासाठी स्वतःचा शब्द घडवला: दप्तरदिरंगाई. 'दिरंग' हा फारसी शब्द, अर्थ विलंब. 'दप्तर'ही फारसीतून आलेले, आणि त्याचे मूळ शोधू जाता ग्रीक भाषेतील कातड्याच्या नावापर्यंत पोहोचते. कारण एके काळी लेखन कातड्यावर होत असे. ज्या शब्दाने आपण पुण्याच्या पेशवे दप्तराचा उल्लेख करतो, त्याच शब्दाने मूल खांद्यावरील पुस्तकांच्या पिशवीचाही उल्लेख करते. 'रेड टेप' शिकवताना मुलाच्या पाठीवरील दप्तराकडे बोट दाखवावे. तेथून पेशव्यांचे रुमाल, कचेरीतील फायली आणि तांबडी फीत हा सारा प्रवास एका तासिकेत होतो. आता कचेऱ्यांत फायली संगणकावर फिरू लागल्या आहेत. फीत हळूहळू नाहीशी होईल. दिरंगाई मात्र तिच्या आधारावर अवलंबून नव्हती, हे आम्ही रोज पाहतोच. त्यामुळे वाक्प्रचारास मरण नाही.

इतिहासातून आलेल्या वाक्प्रचारांची तर जोडीच लावता येते. इंग्रजीत 'टु मीट वन्स वॉटर्लू' म्हणजे निर्णायक पराभव पत्करणे. १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्यावरून. आपल्याकडे 'पानिपत होणे'. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्यावरून. दोन्ही उक्तींत रणांगणाचे नाव पराभूतांच्या बाजूने उच्चारलेले आहे, हे विशेष. आणि वॉटर्लूचा विजयी सेनापती वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली, हे सांगताच जालन्याकडील एक खेडे आणि बेल्जममधील एक खेडे मुलाच्या मनात एका धाग्याने जोडले जाते. इंग्रजी वाक्प्रचार शिकताना आपलाही इतिहास उलगडतो, तो असा.

पाटन हे आमचे गाव जबलपूरपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवरील तहसिलीचे ठिकाण. सातारा जिल्ह्यातील पाटण ते हे नव्हे, एवढा खुलासा नातेवाइकांच्या प्रत्येक पत्रोत्तरात आम्हांस करावा लागतो. येथील बोली बुंदेली वळणाची, बाजाराची भाषा हिंदी, शाळेची हिंदी किंवा इंग्रजी. मराठी बोलणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हिवाळ्यात मात्र या भागातील शेते हिरव्या मटाराने भरून जातात. जबलपूरचा मटार दूरदूरच्या बाजारांत जातो. 'लाइक टू पीज इन अ पॉड' हा इंग्रजी वाक्प्रचार, म्हणजे हुबेहूब सारखे दिसणारे दोघे, येथील मुलाला समजावून सांगण्यास शब्दही लागू नयेत. एक शेंग सोलून हाती द्यावी. मराठीतील 'एका माळेचे मणी' त्याच्या जवळचा खरा, पण त्यात निंदेची छटा आहे. मटाराच्या दाण्यांत ती नाही. हा सूक्ष्म भेदही शेंग हाती असता मुलास कळतो.

येथील मुलांना आणखी एक लाभ आहे. पोकळ बडबडीला हिंदीत 'अधजल गगरी छलकत जाय' म्हणतात, मराठीत 'उथळ पाण्याला खळखळाट फार', आणि इंग्रजीत 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज'. एका भाषेत अर्धी भरलेली घागर, दुसरीत उथळ ओढा, तिसरीत रिकामे भांडे. अनुभव एकच, पण तीन समाजांनी तो तीन ठिकाणी ऐकला. तीन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाला अशी तुलना सहज करता येते, आणि ती करता करता भाषा म्हणजे काय याची जी जाण येते, ती एकभाषी मुलाला पुष्कळ उशिरा येते.

पण हा लाभ आपण खरोखर घेतो काय? माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या शाळेच्या वहीत इंग्रजी वाक्प्रचारांची दोन पाने आहेत. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हिंदी. अक्षर सुरेख आहे, अर्थ बिनचूक आहेत. मात्र त्या वहीला मराठीचा रकानाच नाही, आणि शाळेने तो ठेवावा असे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. तो रकाना घरी भरावयाचा असतो. पूर्वी तो न आखताच भरला जाई, कारण आजी, आत्या, शेजारीण सर्वजणी दिवसभर म्हणींत बोलत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये भाषावार झाली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात हिंदीच्या बरोबरीने मराठीला जे स्थान होते, ते जबलपुरात उरले नाही. विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून प्रत्येक पिढीबरोबर आपल्या घरातील मराठी अधिक शुद्ध, अधिक कामापुरती आणि अधिक म्हणीविरहित होत गेली आहे. आपल्या मुलांना 'रेड टेप' जसा यादीतून शिकावा लागतो, तसे 'ताकास तूर लागू न देणे' हेही यादीतून शिकावे लागण्याची वेळ आली आहे. घरची भाषा परकी होऊ लागल्याची याहून ठळक खूण दुसरी नसेल.

एकदा माझी आई कोणाच्या तरी निरोपाविषयी बोलताना 'त्याने ध चा मा केला' असे म्हणाली. मुलीला वाटले, हा अक्षरे बदलण्याचा एखादा खेळ असावा. अर्थ सांगण्याऐवजी आईने तिला ३० ऑगस्ट १७७३ ची, शनिवारवाड्यातील नारायणराव पेशव्यांच्या खुनाची हकिकत सांगितली. 'धरावे' या आज्ञेचे 'मारावे' कसे झाले याची आख्यायिका सांगितली, आणि आख्यायिका व इतिहास यांत अंतर असते हेही बजावले. चार दिवसांनी धाकट्या भावाने आणलेला उलटसुलट निरोप ऐकून मुलगी आपण होऊन म्हणाली, 'यानं ध चा मा केला.' वहीतील दोन पानांपैकी एकही वाक्प्रचार तिने आजवर बोलण्यात योजलेला मी ऐकलेला नाही.

म्हणून आपल्या घरांतून आणि ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांतून एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मुलांच्या वाक्प्रचारांच्या वहीत आणखी दोन रकाने आखावेत: एक मराठीचा, दुसरा गोष्टीचा. 'वॉटर्लू' लिहिले की शेजारी 'पानिपत' यावे. 'सावर ग्रेप्स' आले की कोल्ह्याची गोष्ट यावी, आणि तीच गोष्ट १८०६ साली तंजावरच्या मराठी मुलांसाठी छापली गेली होती हेही मुलांच्या कानी पडावे. ज्या वाक्प्रचाराला आपल्याकडे जोडी नाही तेथे रकाना कोरा राहू द्यावा. कोरी जागाही दोन समाजांच्या जीवनातील फरक सांगून जाते. 'अटकेपार झेंडा लावणे' लिहिताना नकाशा उघडून सिंधूकाठचे अटक शोधावे आणि १७५८ ची मोहीम सांगावी. असे आठवड्याला दोन वाक्प्रचार झाले तरी वर्षात शंभर होतात. परीक्षेला तेवढे पुरेसे आहेत, आणि वहीतील दोन रकाने आजीने सांगून भरलेले असतील.